एका चांदणीने अडवलेला अर्ज

मामांच्या रिव्हॉल्व्हरचं साल शोधायला मला एक संध्याकाळ पुरली. तेच साल लिलावगृहाच्या मूल्यांकन विभागाला पटवायला अकरा आठवडे गेले. त्या अकरा आठवड्यांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

मामा त्याला आयुष्यभर 'वेब्ली' म्हणत, म्हणजे त्या नावाच्या ब्रिटिश कंपनीचं रिव्हॉल्व्हर. नळी पुढे मोडून उघडायची, सहा गोळ्यांचं चक्र, त्यामुळे मीही तेच धरून चाललो होतो. परवान्याचे कागद माझ्या नावावर झाल्यावर पहिल्यांदा ते नीट हातात घेतलं. आधी उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे पाहिलं. हे दरवेळी करा, काल पाहिलं असलं तरी. मग उजव्या बाजूला, घोड्याखाली (चाप नव्हे, मागून काडतुसावर आदळतो तो भाग) भिंग धरलं. मुकुट, खाली 'एनफिल्ड', खाली 'नं. २ मार्क १', त्याला लागून एक चांदणी आणि खाली १९३६. म्हणजे वेब्ली नव्हेच. .३८ बोअरचं, ब्रिटिश सरकारच्या एनफिल्ड कारखान्यातलं. मला वाटलं, झालं काम.

अर्जात मॉडेल आणि साल असे दोन रकाने होते. जे दिसलं ते लिहून पाठवलं. तीन आठवड्यांनी अर्ज परत: 'मॉडेल व साल विसंगत. दुरुस्त करून पाठवावे.' मी फोटो जोडून पुन्हा पाठवला. पुन्हा तेच वाक्य, शब्दाचाही फरक नाही. फोन केला तर तिथले गृहस्थ म्हणाले, "चांदणीचं मॉडेल १९३८ पासूनचं आहे. तुम्ही १९३८ लिहा, लगेच पुढे पाठवतो."

धातूवर १९३६ कोरलेलं असताना १९३८ लिहायचं? मी नाही लिहिलं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

त्यांच्या तक्त्यातलं १९३८ चुकीचं नव्हतं, पण अर्धंच होतं. मूळ मार्क १ च्या घोड्याला अंगठ्याने मागे ओढायचं टोक असे. रणगाड्याच्या अरुंद जागेत ते अडकायचं, म्हणून १९३८ मध्ये बिनटोकाचा घोडा आला. त्याने फक्त चाप ओढूनच गोळी सुटते. त्या मॉडेलला चांदणी मिळाली. पण आधीची कितीतरी रिव्हॉल्व्हरं दुरुस्तीला आली तेव्हा त्यांचेही घोडे बदलले आणि जुन्या ठशापुढे चांदणी मारली. साल मात्र मूळचंच राहिलं. (दोन चांदण्या असतील तर ते १९४२ पासूनचं मॉडेल, त्यात घोड्याची सुरक्षा-अडसर काढून टाकली होती.)

हे सगळं मी लिहून पाठवलं. उत्तर नाही. शेवटी मीच पुन्हा फोटो काढले, या वेळी दिवा अगदी आडवा धरून. तेव्हा दिसलं: 'मार्क १' झिजून गुळगुळीत झालेलं, आणि चांदणी खोल, जरा तिरकी, कडा धारदार. दोन्ही ठसे एका दिवशी मारलेलेच नव्हते! फोटो तेल पुसून काढा, तेलावर उजेड चमकतो आणि ठसा बुडतो.

नळीवरच्या आकड्यांनी माझा एक अख्खा रविवार खाल्ला, तेही सांगतो. .७६७ आणि ३½ टन हे ना साल, ना क्रमांक. लष्कराबाहेर विकताना झालेल्या चाचणीचे ते ठसे: काडतुसाच्या पुंगळीची इंचांतली लांबी आणि दर चौरस इंचाला सोसायचा दाब. टोकाला टोक भिडवलेले दोन बाणही विक्रीचेच. एकटा बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. खरा क्रमांक फ्रेम, नळी आणि चक्र या तिन्हींवर जुळवून बघा. माझे तिन्ही जुळले तेव्हा फार बरं वाटलं.

अकराव्या आठवड्यात तिथल्या एका ज्येष्ठ बाईंचा फोन आला. नवे फोटो त्यांच्यासमोर होते. "घोडा नंतर बदललाय हो. साल तुमचंच बरोबर आहे." दोन मिनिटांचं बोलणं. अर्जावर १९३६ राहिलं आणि शेऱ्यात 'नंतर रूपांतरित' असं आलं.

आणि जुनं रिव्हॉल्व्हर हातात आलं की पॉलिश मारू नका. मी सुरुवातीला मारायला निघालो होतो, मामींनी हात धरला. नाहीतर चांदणीच्या त्या धारदार कडा मीच घासून टाकल्या असत्या.