शेफ यायच्या आधी
आज दिवसभर जांबोटीच्या घरातच होतो, उद्या पुण्याचे पाहुणे येणार आणि त्यांनी स्वयंपाकाला बेळगावातून शेफ ठरवलाय. शेफनी फोनवर एवढंच विचारलं, शेगड्या किती, फ्रीजमध्ये जागा आहे काय, सुऱ्यांना धार आहे काय. मग काय, फ्रीज रिकामा करून पुसला, 14.2 किलोचा भरलेला दुसरा सिलिंडर आणून ठेवला, सुऱ्यांना धार लावून आणली, टोमॅटोवर एक नुसती टेकवली तर साल अशी सर्रकन फाटली की आईपण बघतच राहिली. तीच म्हणाली, शेफ असू दे नाहीतर कोण, परक्या घरात मीठ शोधत फिरायला लागू नये बघ. म्हणून सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, मराठीत आणि कन्नडात दोन्ही. तांदूळ मात्र आमच्या शेतातलाच ठेवलाय.