डबर गेला कुठं?

दौलताबादला गाईड म्हणून मला एकोणीस वर्षं झाली. बोलणं ठरलेलं. दारातल्या तोफा, चाँदमिनार, अंधारीत, म्हणजे काळोख्या बोगद्यात, शिरताना ‘मोबाईल बंद ठेवा’ (कुणी ठेवत नाही, आता अंधारीत अंधारच उरला नाही), आणि वर पोचल्यावर दम खात, डोंगर हाच का निवडला याची तीन कारणं. सुटा डोंगर, सुमारे 200 मीटर उंच, चहूकडं नजर. पायथ्याला 50 मीटरभर उभा तासलेला कडा. आणि पैठणहून वेरूळमार्गे उत्तरेला जाणारी वाट हाताशी. टाळ्या पडतात, फोटो होतात.

डिसेंबरात गेवराईकडून एक एसटी भरून माणसं आली. त्यातले एक आबा कातळात खोदलेल्या खंदकावरच्या पुलावर थांबले ते हलेचनात. खाली दुसरी पार्टी ताटकळत होती, म्हणून मी जरा चिडूनच विचारलं, “काय बघताय आबा?”

“एवढा डबर गेला कुठं, भाऊ?”

आबांनी चाळीस वर्षं विहिरी खोदलेल्या. विहिरीत फोडणं हे निम्मंच काम, म्हणाले. वर काढलेला माल टाकायचा कुठं, यावर खरी भांडणं. शेजाऱ्याच्या बांधावर दोन पाट्या सांडल्या तरी माणूस कोर्टात जातो. “फोडायला दोन गडी, तर वाहायला पाच. लांब वाहिला की विहीर परवडत नाही.” पूल उतरल्यावर तासलेल्या कातळावरच्या छिन्नीच्या रेघेत त्यांनी अंगठा बसवून पाहिला. मग काठी तटाकडं केली. “तिथं गेला बघा.”

एकोणीस वर्षं मी खंदक वेगळा सांगत होतो, तट वेगळा. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर पाण्याची टाकी खोदताना निघालेला दगड तिथल्याच बांधकामाला लावायचे, हे मला ठाऊक होतं. रायगडला पाहुणे घेऊन गेलो तर तिथं हेच ऐटीत सांगतो. इथं सुचलं नाही. इथल्या तटात देवळांचे कोरीव दगडही आहेत, म्हणजे सगळाच माल खंदकातला नव्हे. पण आबांचा हिशेब मला सुटत नाही.

कारण मग ‘जेत्यांनी जागा निवडली’ हे माझं आवडतं वाक्यच लंगडं पडतं. 1187 च्या सुमारास यादव भिल्लमानं इथं राजधानी केली, त्यानं निवडली म्हणा. 1296 ला अलाउद्दीन चालून आला तो लुटीला. 1327 ला तुघलकानं राजधानी आणली. त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो, साम्राज्याच्या सगळ्या टोकांपासून जागा सारख्या अंतरावर म्हणून. त्या टोकांत बंगालही आहे. नकाशावर सुतळी धरून बघा! मग बहमनी, निजामशाही, 1633 ला मुघल. प्रत्येकाला डोंगर आयता तासून मिळाला. एवढं खणलेलं सोडून दुसरीकडं पुन्हा पाट्या कोण वाहील?

आणि हा कडा चढून किल्ला कुणी घेतला नाही. 1296 ला अलाउद्दीनच्या वेढ्यात कोठारात धान्याच्या गोण्या म्हणून मिठाच्या निघाल्या, असं सांगतात. 1633 च्या वेढ्यात बाहेरचे कोट सुरुंगानं फुटले, आतल्यांना उपासमारीनं टेकवलं. सुरुंग म्हटल्यावर आबांचे डोळे चमकले. दारू किती लागली असेल, विचारलं. मला कुठं माहीत! असले प्रश्न आमच्या परीक्षेत नसतात. तिथं सनावळ्या आणि नम्रपणे बोलायचं कसं, एवढंच.

ते वर आलेच नाहीत. पुलाशीच बसून त्यांनी भाकरी खाल्ली. मी वर जाऊन तीच तीन कारणं सांगितली, टाळ्याही पडल्या.

परवा सुट्टीला एकटाच गेलो आणि खंदकाच्या काठापासून तटापर्यंत पावलं मोजली. पहारेकरी ओळखीचा. “काय हरवलं?” म्हणाला. डबर शोधतोय म्हटलं तर हसला. गवत वाढलेलं, दोनदा मोजणी चुकली. ते वाळल्यावर पुन्हा जायचंय.