आईचा हात, आजोबांची मूठ

शनिवार, रात्री पावणेबारा

भाची आत्ता झोपली. ताई आणि भावजी लग्नाला नाशिकला गेलेत, म्हणून सोमवारपर्यंत ती माझ्याकडे आहे. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "मामा, तुझ्या आवडीचं काहीतरी लाव." मी फार विचार न करता 'टेकन: ब्लडलाइन' लावलं. चार भाग ओळीनं बघून झाले.

टेकन या मारामारीच्या व्हिडिओ गेमवरून केलेली ही अॅनिमे (जपानी धाटणीची अॅनिमेशन) मालिका २०२२च्या ऑगस्टमध्ये नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा मी एकाच रात्रीत संपवली होती. सहाच भाग आहेत, पंचवीसेक मिनिटांचे. संपल्यावर आनंद झाला होता आणि आत कुठेतरी हुरहूरही लागली होती. काय जमलं आणि काय निसटलं, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज तेरा वर्षांच्या मुलीशेजारी बसून बघताना ते थोडं थोडं दिसायला लागलं. उद्यापर्यंत विसरेन म्हणून लिहून ठेवतोय.

तिला हा गेम माहीत नाही. मी मात्र त्या गेमवर वाढलोय. टेकन ३ जपानमध्ये १९९७ला आर्केडमध्ये आला, पुढच्या वर्षी प्लेस्टेशनवर आला, आणि आमच्या गावातल्या गेम पार्लरमध्ये पोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली. दहा बाय बाराची खोली, चार टीव्ही, तासाला दहा रुपये. हरला तो उठणार, जिंकला तो बसून राहणार. मी आणि माझा मामेभाऊ शाळा सुटली की दप्तरासकट तिथं जायचो. नंतर कोणीतरी कॉम्प्युटरवर चालणारी सीडी आणली आणि एकाच कीबोर्डवर दोघं खेळायला लागलो. तो डावीकडे, मी उजवीकडे, कोपराला कोपर लागलेलं.

मामेभाऊ कायम एडी गोर्डो घ्यायचा. सगळ्या महाराष्ट्रातल्या पोरांनी एडी घेतला असेल, कारण लाथांची बटणं भराभर दाबली तरी तो हातांवर उलटा होऊन गोल फिरायचा आणि समोरचा आडवा व्हायचा. तो कापोएरा आहे, ब्राझीलमधली युद्धकला आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं. मार्सेलो पेरेरा नावाच्या खऱ्या कापोएरा गुरूच्या हालचाली टिपून एडीचं अंग घडवलं होतं, हेही मला खूप नंतर कळलं. एडीचे वडील मारले जातात, तो तुरुंगात जातो, तिथं एका म्हाताऱ्या कैद्याकडून ही विद्या शिकतो. हे वाचलं तेव्हा मी पंचविशी ओलांडली होती. आणि तरीही वाटलं की हे मला आधीच ठाऊक होतं. इतकी वर्षं त्याला लढताना पाहिलं होतं ना. त्या फिरण्यात नाच होता, आणि कुणाला तरी दिलेल्या शब्दाचं ओझंही होतं.

फायटिंग गेममध्ये माणूस असा कळतो. टेकनमध्ये तर चार बटणं म्हणजे चार अवयवच: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. पात्राला बोलायला जवळपास वेळच मिळत नाही. सुरुवातीला एखादं वाक्य, जिंकल्यावर एखादं. बाकी जे सांगायचं ते अंगानं. किंग तोंडावर जॅग्वारचा मुखवटा चढवून माणसं उचलून आपटतो, ह्वोरांग एक पाय हवेत ठेवूनच उभा राहतो, पॉल एका ठोशात सगळं संपवायला बघतो. यांचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही.

म्हणून अशा गेमची गोष्ट करायला घेतली की खरा प्रश्न कथानकाचा नसतोच. अंगानं जे बोललं जात होतं, ते पडद्यावर तसंच बोललं जातंय का, हे बघायचं.

या कसोटीवर पहिले दोन भाग मला आजही फार आवडतात. मालिकेचा नायक जिन आईबरोबर, जुनबरोबर, याकुशिमाला राहतो. क्यूशूच्या दक्षिणेचं ते बेट, हजारो वर्षांची सुगी झाडं (जपानी देवदार), शेवाळ, सतत पाऊस. त्या हिरव्या ओल्या उजेडात जुन मुलाला काझामा घराण्याची विद्या शिकवते. समोरच्याचा जोर अंगावर घ्यायचा नाही, तो वळवायचा. ती शिकवत असताना भाची पुढं सरकून बसली. म्हणाली, "ती मारत नाहीये, बाजूला करतेय." इतकं नेमकं मला एवढ्या वर्षांत म्हणता आलं नव्हतं.

मग ऑगर नावाचा राक्षस येतो आणि आई जाते. पंधरा वर्षांचा जिन आजोबांच्या दारात उभा राहतो. हेहाची मिशिमा. ज्यानं स्वतःच्या पाच वर्षांच्या मुलाला कड्यावरून फेकलं, तो माणूस. तो चार वर्षं जिनला मिशिमा घराण्याचा कराटे शिकवतो, आणि त्याला नातवाच्या अंगातला आईचा हात नको असतो. मूठ सरळ जायला पाहिजे. दया आली की हरलास.

हे गेममधूनच आलंय, आणि मालिकेनं त्याचं सोनं केलंय. टेकन ३मधल्या जिनच्या डावांत आईचे डाव आहेत आणि मिशिमांचेही. जिनचा बाप काझुया त्या गेममध्ये नव्हता, त्याची वीज लेकाच्या मुठीत आली होती. आम्हाला तेव्हा फक्त 'भारी कॉम्बो' दिसायचा. मालिकेनं त्या यादीतून एक मुलगा काढला. त्याच्या प्रत्येक लढतीत मी बघत बसतो की आता कुणाचा हात उठतोय, आईचा की आजोबांचा. दुसरं कुठलंही माध्यम ही गोष्ट अशी सांगू शकलं नसतं, कारण त्याच्या हातात ही डावांची यादी नसती.

डोळे मिटायला लागलेत. उरलेले दोन भाग उद्या.


रविवार, दुपारी चार

दोन्ही भाग झाले. बाहेर ऊन आहे, भाची गॅलरीत आंबा खातेय.

आता जे खुपलं ते. चौथ्या भागापासूनच तिचे प्रश्न वाढले होते. "हा कोण?" "ही याच्याकडे एवढं रागानं का बघतेय?" "हा आत्ता आला आणि हरला पण?" मी प्रत्येक वेळी उत्तर देत होतो, आणि देता देता लक्षात आलं की उत्तरं सगळी माझ्याकडे आहेत, पडद्यावर नाहीत. मारेकरी निना विल्यम्स आली की मला तिचा सगळा थंड इतिहास आठवतो, म्हणून ती मला भरीव वाटते. भाचीला फक्त सोनेरी केसांची एक बाई दिसली. किंगच्या मुखवट्यामागे आधीचा किंग आहे, त्याला ऑगरनं मारलं, मग एका दुसऱ्याच माणसानं अनाथ मुलांसाठी तो मुखवटा घातला. ही गोष्ट एकट्यानं एक भाग पेलेल अशी आहे. आणि किंगचं आणि जिनचं दुःख तर एकाच हातून आलंय! त्या दोघांना एकमेकांसमोर पाच मिनिटं गप्प बसवलं असतं, तरी चाललं असतं मला.

मालिकेतही पुढं आजोबांनी भरवलेली लढतींची स्पर्धा येते. स्पर्धा हा फायटिंग गेमचा कणा असतो आणि अॅनिमेत तोच गळफास होतो. गेममध्ये मी एका पात्राबरोबर लढतीमागून लढत जातो, शेवटी त्याचा छोटासा चित्रपट बघतो, मग दुसरं पात्र घेतो. वीस पात्रं म्हणजे वीस वाटा. अॅनिमेला एकच वाट घ्यावी लागते. मग बाकीचे एकोणीस जण त्या वाटेवरचे मैलाचे दगड होतात. नायकानं ओलांडले की मागं पडले.

त्यातल्या त्यात लेरॉय स्मिथला बरी जागा मिळाली. तो मुळात टेकन ७मध्ये आलेला, फेंग वेई टेकन ५मधला. टेकन ३च्या काळात त्यांना आणून बसवलंय. काही जुने चाहते यावर चिडले असतील, मला चाललं. लेरॉयचा विंग चुन (चिनी युद्धकला) संथ, जवळून, कोपर अंगाशी ठेवून चालतो, आणि वय झालेला माणूस जसा उगाच ताकद वाया घालवत नाही तसा तो लढतो. जुन गेल्यावर जिनला भेटलेल्या मोठ्या माणसांत मला तोच शहाणा वाटला.

जिनची मैत्रीण श्याओयु, तिच्याबद्दल मात्र मनापासून वाईट वाटलं. टेकन ३मध्ये ती स्वतःचं स्वप्न घेऊन येते. तिला मनोरंजन नगरी हवी असते आणि त्यासाठी ती हेहाचीसारख्या माणसाशी बोलणी करते. तिचं लढणंही तसंच: पाठ फिरवून उभी राहते, खाली बसते, गिरकी घेते, सापडतच नाही. मालिकेत तिचा बराचसा वेळ जिनची काळजी करण्यात जातो. भाची म्हणाली, "मामा, तिला स्वतःचं काही नाही का?" आहे गं, खूप आहे.

आणि अंगांचं वजन. पात्रं कॉम्प्युटरवर घडवलेली त्रिमितीय आहेत, वर रंगवल्यासारखा पोत आहे. ठोसा बसतो तेव्हा गेममधल्यासारखी ठिणगी उडते, क्षणभर सगळं संथ होतं. ते मला फार भावतं, कारण त्या ठिणगीबरोबर अंगठ्यात जुनी कळ उठते. पण लढत थांबली की चेहरे ताठ होतात. जिन आईला हाक मारतो तिथं आवाज फुटतो, चेहरा मात्र तितका फुटत नाही. जंगल जिवंत आणि माणूस मेणाचा, असं काही ठिकाणी झालंय.

मला इथं 'स्ट्रीट फायटर २' या दुसऱ्या फायटिंग गेमवरचा १९९४चा अॅनिमे चित्रपट आठवत राहतो, गिसाबुरो सुगी यांनी दिग्दर्शित केलेला. त्याचीही कथा विरळ आहे, पात्रं जगभर विखुरलेली आहेत, काही तर हजेरी लावून जातात. पण त्यात चुन-ली या लढवय्यीची तिच्या घरातली लढत आहे. रात्री ती एकटी असते आणि नखं लावलेला मारेकरी घरात शिरतो. कुठलीही स्पर्धा नाही, पंच नाही, प्रेक्षक नाहीत. ती घाबरते, जखमी होते, सोफा उचलून त्याच्यावर फेकते, आणि शेवटी तिच्या त्या गेममधल्या वेगवान लाथांनी त्याला भिंतीतून बाहेर पाठवते. सगळं हातानं काढलेलं. तो डाव आम्ही गेममध्ये शेकडो वेळा वापरला होता, पण तो जीव वाचवण्यासाठीही असतो हे मला त्या दृश्यानं शिकवलं. 'ब्लडलाइन'मध्ये जुन आणि ऑगर समोरासमोर येतात तेव्हा तसंच काहीतरी जवळ येऊन जातं. स्पर्धा सुरू झाली की ते पुन्हा त्या उंचीला जात नाही.

शेवटच्या भागात तर घाई झालीये. ऑगर, आजोबांचा दगा, जिनच्या आत झोपलेला डेव्हिल (सैतानी शक्ती), तिन्ही एकापाठोपाठ. हेहाची नातवावर गोळी झाडतो, ती घटना गेममध्ये पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी आणि मामेभाऊ पार्लरमध्ये पुढचा डाव लावायचं विसरलो होतो. त्या दग्यानंतर एक श्वास हवा होता. चार वर्षं ज्याच्या हाताखाली घाम गाळला, त्यानंच मारलं, हे त्या पोराच्या मनात उतरायला तरी. दहा भाग असते तर? आठ तरी.

तरीही भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कुठं आलं हेही मी बघितलं. मारामारीत नाही, तर जिनच्या अंगात आईची शिकवण परत येते तिथं.


सोमवार, सकाळी सात

रात्री माळ्यावरून जुनं प्लेस्टेशन काढलं. धूळ पुसली, पिना फुंकल्या, तिसऱ्या प्रयत्नात चित्र आलं. दीड-दोन तास खेळलो. मामेभावाला फोटो पाठवला, त्याचा कॅनडाहून लगेच निरोप आला: "दादा, एडी घे."

भाचीनं जिन घेतला. मी तिला आजोबांची मूठ शिकवली: पुढे, सोडायचं, खाली, तिरकं पुढे, आणि त्याच क्षणी त्रिकोण. वीस-पंचवीस वेळा चुकली, मग एकदा बसली. ती ओरडलीच. पण पुढच्या डावात तिनं मूठ लावलीच नाही.

मी तिला टेकन ४चं सांगितलं. त्यात जिन मिशिमांचा कराटे अंगातून काढून टाकतो, ब्रिस्बेनला जाऊन पारंपरिक कराटे शिकतो, आणि खेळणाऱ्याला एकदम वेगळा जिन हातात मिळतो. जुने डाव दाबायला गेलं की लागतच नाहीत. २००१ला लोक वैतागले होते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग यातलं आईचं कुठलं बटण?"

मी तिला व्हाइट हेरॉन दाखवला, पांढरा बगळा. चौकोन आणि गोल एकदम, म्हणजे डावा हात आणि उजवा पाय. जुनचा तो डाव टेकन २मध्ये होता, तिथून लेकाकडे आला. ती पुढचा अर्धा तास तेवढाच लावत होती आणि माझ्या पॉलला जवळ येऊ देत नव्हती.

आत्ता ताईचा फोन आला, साडेआठला पोचतायत. ती अजून झोपलीये, कंट्रोलर उशाशी आहे. टीव्ही मी बंद केला नाही. पात्रं निवडायचा पडदा तसाच चालू आहे, आणि चौकट जिनवर आहे.