मनिला : एकसष्ट वर्षांची वाट

वितो क्रूझ स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे जेमतेम दहा वाजले होते, पण मनिलाच्या उकाड्यानं कुडता पाठीला चिकटला होता. बरोबरची मंडळी इंट्रामुरोसची तटबंदी बघायला गेली होती. मी एकटीच इकडे आले. सांगलीत शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर गुडघे फोडून घेत बास्केटबॉल खेळले आहे, त्यामुळे मनिलात आधी कुठं जायचं हे घरातूनच ठरवून निघाले होते : रिझाल मेमोरियल कोलिझियम.

दारावरच्या पहारेकऱ्याला मी ‘कुया’, म्हणजे दादा, अशी हाक मारली. भारतातून हे बघायला आले म्हटल्यावर त्यानं दोन मिनिटं आत डोकावू दिलं. रिकामं क्रीडागृह, वरपर्यंत चढत गेलेल्या पायऱ्या. बाहेरून आर्ट डेको शैलीची देखणी इमारत, १९३४ची. त्याच वर्षी इथं अतिपूर्वेच्या, म्हणजे फिलिपिन्स, चीन, जपान अशा देशांच्या, क्रीडास्पर्धा झाल्या, त्या शेवटच्या. मांचुकुओला, म्हणजे जपाननं मांचुरियात उभ्या केलेल्या राज्याला, खेळू द्यायचं की नाही यावरून चीन आणि जपानमध्ये फाटलं आणि स्पर्धाच संपली.

त्या स्पर्धांची सुरुवातही मनिलातच, १९१३ साली. वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या एलवूड ब्राउन यांनी पुढाकार घेतला आणि बास्केटबॉल पहिल्यापासून त्यात होता. आपल्याकडेही हा खेळ रुजवला तो वायएमसीएनंच, १९२०मध्ये मद्रासला निघालेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून. म्हणजे आमच्या शाळेतली ती गंजकी रिंग आणि हे क्रीडागृह एकाच घराण्यातले! फिलिपिन्सनं मात्र हा खेळ जिवाला लावून घेतला. दहा स्पर्धांपैकी नऊ वेळा तेच जिंकले. फक्त १९२१मध्ये शांघायला चीननं त्यांना मागं टाकलं.

मग महायुद्ध आलं. फेब्रुवारी १९४५मध्ये याच संकुलातल्या बेसबॉलच्या मैदानासाठी अमेरिकी आणि जपानी सैनिक लढले.

आशियाई स्पर्धांचा धागा मला जास्त जवळचा, कारण तो दिल्लीत सुरू होतो. १९५१च्या पहिल्याच स्पर्धेत भारतीय संघही होता. सुवर्ण नेलं फिलिपिन्सनं. १९५४ला मनिलात, याच छताखाली, पुन्हा तेच. मग १९५८ टोकियो, १९६२ जकार्ता. सलग चार! कार्लोस लोयझागा हे त्या काळातलं त्यांचं दैवत. १९५४च्या जागतिक स्पर्धेत, रिओला, या संघानं कांस्यही मिळवलं.

आणि मग एकदम कोरड. १९६६ला बँकॉकमध्ये इस्रायल जिंकलं, पुढं दक्षिण कोरिया, चीन. १९९०ला बीजिंगमध्ये रौप्यावर थांबले. २००२ला बुसानमध्ये उपांत्य सामना खिशात होता, तेवढ्यात कोरियाच्या ली सांग-मिननं शेवटच्या क्षणी तीन गुणांचा बास्केट मारला. एका गुणानं हार. मी खेळलेय, म्हणून सांगते : वीस गुणांनी हरलं तर रात्री झोप लागते, एका गुणानं हरलं तर लागत नाही.

आग्नेय आशियाई स्पर्धांत त्यांची सद्दी बहुतेक अखंड राहिली. १९७९ आणि १९८९ला मलेशिया, २०२२ला हनोईत इंडोनेशिया, एवढ्याच काय त्या ठेचा. महिला संघाला मात्र पहिलं सुवर्ण २०१९मध्ये मिळालं. फार उशीर झाला, असं मला मनापासून वाटतं.

बाहेर पडून मागच्या बाजूच्या एका गल्लीत शिरले. विजेच्या खांबाला रिंग ठोकलेली, मुलं स्लिपरवर खेळत होती. शेजारी मासे तळणाऱ्या काकांना मी विचारलं, आशियाई स्पर्धांतला हांगझोचा सामना बघितलात? त्यांनी झारा खाली ठेवला.

ऑक्टोबर २०२३, उपांत्य सामना, समोर चीन, तोही त्यांच्या घरी. वीस गुणांची पिछाडी. प्रशिक्षक टिम कोन, १९९८ला कांस्य मिळवून देणारे तेच. काका मोडक्या इंग्रजीत सांगत होते आणि मुलं खेळ थांबवून ऐकत होती, पाठ असलेली गोष्ट ऐकावी तशी. फिलिपिन्सच्या जस्टिन ब्राउनलीनं शेवटी शेवटी तीन-तीन गुणांचे दोन बास्केट मारले. ७७-७६. दोन दिवसांनी जॉर्डनविरुद्ध ७०-६०, आणि एकसष्ट वर्षांनी सुवर्ण.

“इथं उभा होता तो,” म्हणत काका गल्लीच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात वर नेऊन हवेतच शॉट मारला. मागं एक ट्रायसिकल अडकली होती. चालकानं भोंगा वाजवला नाही. काकांचे हात खाली येईपर्यंत तोही थांबला.