दोन सूत

गेल्या महिन्यात शिवडीच्या आमच्या गॅरेजात १९३३ची शेव्हरोले आली. चार दरवाजांची, छत सडलेलं. त्या काळी छत अख्ख्या पत्र्याचं नसे, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. जनरल मोटर्सने तसं छत आणलं ते १९३५च्या मॉडेलांवर. त्याआधी कडेने पत्रा, मधे मोकळी चौकट, तिच्यात लाकडी कमानी, वर कोंबड्यांची जाळी, कापूस आणि रेग्झीन. रेग्झीन तडकलं की मुंबईचा पाऊस थेट लाकडात.

मालकांचा हट्ट एकच, सगळं ओरिजिनल हवं. रॅलीत परीक्षक बघतात म्हणे. परीक्षक अस्तर फाडून कमानी बघत नाहीत, पण असो.

सहा कमानी उतरवल्या. पाच विलायती ॲश लाकडाच्या, हात लावला की भुगा. तिसरी मात्र सागाची, ठणठणीत. पोटावर पेन्सिलने '३', आपला देवनागरी. १९२८पासून इथेच शिवडीला जनरल मोटर्सच्या गाड्या जोडल्या जायच्या. तिथलाच कुणी मिस्त्री असेल का हा? माप घेतलं तर कमान दोन सूत आखूड, म्हणजे पाव इंच. म्हटलं, बाबा चुकला.

मी सहाही नव्या केल्या. सरळ फळीतून कमान कापली तर टोकांना लाकडाच्या रेषा तुटतात आणि ती तिथेच फाटते. म्हणून ॲशच्या पातळ पट्ट्या साच्यावर वाकवून, एकीवर एक चिकटवून दोन दिवस शिकंजात ठेवल्या. त्या कामावर माझा जीव आहे. लाकूड बसायच्या आत पत्र्याचं वेल्डिंग उरकून घे, नाहीतर जाळशील, हे डेंटरला तीनदा सांगावं लागलं. मग कमानी, पितळी स्क्रू, शेवटी कडेची गटरपट्टी. दोरी लावली तर सगळं एका रेषेत.

आणि मागचा डावा दरवाजा लागेना.

डेंटर म्हणाला लाकूड, मी म्हटलं तुझा पत्रा. अर्धा दिवस बिजागऱ्या सैल कर, आवळ कर. संध्याकाळी चहा पिताना कोपऱ्यातल्या सागाच्या कमानीवर नजर गेली. गाडीचा मधला खांब कधीचा आत कललेला. बाबाने कमान खांबाला बेतून कापली होती आणि दरवाजे त्याच मापाला बसवले होते. माझ्या बरोबर मापाच्या कमानीने खांब बाहेर ढकलला.

माझी तिसरी काढली, त्याची बसवली. दरवाजा खट् करून लागला.

दोन सूत कमी करून ॲशची नवी कमान एका दिवसात झाली असती. केली नाही. वर जाळी, कापूस, रेग्झीन ताणून मोकळा झालो. मालकांना सांगायचं मनात होतं, पण ते आले तेच छताचे फोटो काढत.

बिलात ॲशच्या पाचच कमानी लावल्या. त्यांनी मोजल्या नाहीत.