झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्या आणि मला फिट आली

२०१९ च्या पुरात कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. पाणी ओसरलं, चिखल काढला, पण आईला काही केल्या झोप लागंना, म्हणून डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी, ०.२५ मिलीग्रॅमची, लिहून दिली, तीही थोड्या दिवसांसाठीच. माझं दुकान भिजलेलं, हप्ता डोक्यात, मी रात्र रात्र छताकडं बघत पडायचो. एकदा आईच म्हणाली, "घे रे बाळा अर्धी, काय होत नाही." आणि खरंच त्या रात्री लई दिवसांनी गाढ झोप लागली.

तिथनं सुरू झालं. दोन-तीन महिन्यांत अर्धीनं काही होईना, मग एक, मग ०.५ ची, २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा ०.५ च्या तीन गोळ्या रोज, एक तर दुपारीच. ही गोळी २०१४ पासून एच-वन या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे, मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघायची, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहायचं असा नियम, पण आमचा मेडिकलवाला ओळखीचा, आईची जुनी चिठ्ठी दाखवली की गोळ्यांचं पान हातात. मी दारूला कधी शिवलो नाही, त्यामुळं आपल्याला व्यसन आहे हे मनाला पटायचंच नाही.

बायकोला गाडीच्या डिकीत रिकामी पानं सापडली. ती भांडली नाही, नुसती रडली. मी अंबाबाईला जाऊन शपथ घेतली आणि त्याच रात्रीपासून गोळी बंद. मला वाटलं हीच मर्दानगी. पहिली रात्र टक्क जागा, दुसऱ्या दिवशी हाताला कंप, घाम, भांडं पडलं तरी छातीत धस्स व्हायचं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना खाली कोसळलो. मला काहीच आठवत नाही. शेजारच्यांनी कांदा हुंगवला, कुणी दातात चमचा घालायला निघालं. डॉक्टरांनी नंतर घरच्यांना बजावून सांगितलं की फिट आलेल्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि लगेच दवाखान्यात आणायचं.

मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवल्यावर मी लाजेनं मान खाली घालून बसलो होतो. ते म्हणाले, "तुम्ही सोडायचं ठरवलंत ते बरोबरच, पण एकदम सोडलंत ते जिवावर बेतलं असतं." मेंदूत गाबा नावाचं द्रव्य ब्रेकसारखं काम करतं, गोळी त्या ब्रेकचा जोर वाढवते, आणि रोज बाहेरून जोर मिळाला की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला सोडतो, मग गोळी अचानक काढली की गाडी सुसाट. हे कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की त्या तीन दिवसांत मी मनानं कमजोर पडलो नव्हतो, शरीरच तसं झालं होतं.

मग त्यांनी अल्प्राझोलामच्या जागी अंगात जास्त वेळ टिकणारी क्लोनाझेपाम दिली आणि तीच हळूहळू उतरवत नेली, दोन-तीन आठवड्यांनी साधारण दहावा हिस्सा कमी, कधी त्याहून कमी. (हा हिशोब माझ्यापुरता, प्रत्येकाचा डॉक्टर वेगळा ठरवतो, घरी ब्लेडनं गोळ्या तोडत बसू नका.) गोळ्या बायकोच्या ताब्यात, मला रोजच्या रोज हातात. प्रत्येक वेळी डोस उतरला की चार-सहा दिवस वाईट जायचे, कानात सुई सुई आवाज, विनाकारण भीती. गणपतीत तर बेंजोचा आवाज सहन होईना, तेव्हा डॉक्टरांनी तीन आठवडे डोस आहे तिथंच ठेवला. मला वाटलं मी नापास झालो. "थांबणं हा पण उपचारच आहे," ते म्हणाले, आणि ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

झोपेचं वेगळं शिकवलं. रात्र कशीही जाऊ दे, पहाटे साडेपाचला उठायचंच, दुपारी आडवं व्हायचं नाही, अर्धा तास झोप आली नाही तर अंथरुण सोडून बाहेर बसायचं. मी उठून रंकाळ्याला फेरी मारायचो, येताना गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर थांबायचो. रात्री दोनला एकटं वाटलं की टेलीमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ ला फोन लावायचो, फुकट आहे, मराठीत बोलतात. दोनदा त्या फोनमुळंच मी बायकोकडं जादा गोळी मागितली नाही.

अकरा महिने लागले. आता पाच-साडेपाच तास झोप लागते, धो धो पाऊस असला की अजून जाग येते, उठून पंचगंगेची पातळी बघतो आणि परत पडतो.

आईची गोळी मात्र इतकी वर्षं चालूच होती, आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही. ती ६९ ची आहे, मार्चमध्ये रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन पडली. तिला त्याच डॉक्टरांकडं नेलं. आता तिची वही मी लिहितो, कालपासून तिची गोळी पाऊणवर आलीय.