सिंगल क्रिस्टल ब्लेड: अलॉयचं नंतर बघू, आधी प्लॅटफॉर्मखालचा शेल बघा

जेट इंजिनच्या टर्बाइन ब्लेडचा विषय निघाला की सगळे अलॉयवर, म्हणजे मिश्रधातूवर बोलतात. रेनियम किती टक्के, सीएमएसएक्स-४ चांगला की रेने एन५ (दोन्ही निकेलचे अलॉय), मग फर्नेस कुठली. ज्या सिरॅमिक साच्यात ब्लेड ओततात त्या शेलबद्दल कुणी बोलतच नाही! मी इन्व्हेस्टमेंट कास्टिंगमधला (वॅक्सच्या नमुन्यावर शेल चढवून, वॅक्स वितळवून काढून त्यात मेटल ओतण्यातला) माणूस, त्यामुळे मला हे खटकतं, कारण ब्लेडमध्ये शेवटपर्यंत एकच क्रिस्टल राहणार की मधेच दुसरा ग्रेन, म्हणजे वेगळ्या दिशेचा क्रिस्टल घुसणार हे बऱ्याच वेळा त्या सिरॅमिक शेलच्या काही मिलिमीटरवर ठरतं.

प्रोसेस थोडक्यात सांगतो. खाली पाण्याने थंड ठेवलेली तांब्याची चिल प्लेट, तिच्यावर स्टार्टर ब्लॉक, त्याच्यावर पिगटेल म्हणजे स्प्रिंगसारखा वळलेला ग्रेन सिलेक्टर आणि वर ब्लेड. व्हॅक्यूममध्ये साधारण १५०० डिग्रीला तापलेल्या शेलमध्ये मेटल ओततात आणि शेल मिनिटाला काही मिलिमीटर अशा वेगाने बॅफलमधून (गरम आणि थंड भागांमधला आडवा पडदा) खाली, थंड भागात ओढतात. स्टार्टर ब्लॉकमध्ये बरेच ग्रेन सुरू होतात, त्यातले सरळ वर वाढणारे पुढे निघतात आणि पिगटेलमधून एकच बाहेर पडतो. (पिगटेल ग्रेनची दिशा सुधारत नाही, ते काम स्टार्टर ब्लॉकचं, त्यामुळे ब्लॉकची उंची कमी करून मेटल वाचवायचा मोह टाळा.)

सुरुवातीला उष्णता चिल प्लेटमधून जाते, पण दोन-तीन सेंटिमीटर वर गेलं की प्लेटचा उपयोग जवळपास संपतो आणि उष्णता शेलच्या भिंतीतून बाहेर येऊन रेडिएशननेच जाते. म्हणजे इथून पुढे भिंतीची जाडी हाच सगळा खेळ.

खरी मारामारी प्लॅटफॉर्मला, म्हणजे ब्लेडच्या आडव्या रुंद भागाला होते. एअरफॉईल (ब्लेडचं पातं) बारीक असतो, तिथे क्रिस्टल छान वर चढतो, आणि अचानक त्याला आडवं पसरायला लागतं. तोपर्यंत प्लॅटफॉर्मची बाहेरची कड बॅफलच्या खाली येऊन थंड व्हायला लागलेली असते. क्रिस्टल तिथे पोचायच्या आत तिथलं मेटल लिक्विडसच्या (ज्या तापमानाला ते गोठायला लागतं त्याच्या) बरंच खाली गेलं की कोपऱ्यात नवीनच ग्रेन जन्माला येतो, आणि ब्लेड रिजेक्ट. उलट एअरफॉईल आणि प्लॅटफॉर्म मिळतात त्या आतल्या बेचक्यात उष्णता अडकून राहते, तो भाग गरमच राहतो आणि क्रिस्टलची वाट तिथेच अडते.

आता स्लरीचं बघा. शेल बनवायला वॅक्सचं झाड (मधल्या रॉडभोवती जोडलेले ब्लेडचे वॅक्स नमुने) स्लरीत, म्हणजे सिरॅमिकच्या पातळ मिश्रणात बुडवून बाहेर काढलं की काय होतं? बेसनात बुडवलेल्या मिरचीसारखं, टोकाला पीठ थांबत नाही आणि देठाच्या बेचक्यात गोळा होतं. तसंच इथे, आतल्या बेचक्यात स्लरी आणि स्टको (तिच्यावर टाकलेली सिरॅमिकची वाळू) साचून शेल जाड होतो आणि बाहेरच्या धारदार कडेला पातळ राहतो. म्हणजे जिथून उष्णता पटकन बाहेर जायला हवी तिथे जाड, आणि जिथे धरून ठेवायची तिथे पातळ. बरोबर उलटं! आणि स्लरीच्या प्रत्येक कोटला, म्हणजे थराला हे वाढतच जातं.

उपाय आहेत. बेचक्यात शेलमध्येच ग्रॅफाइटचा तुकडा बसवतात, तो अडकलेली उष्णता बाहेर खेचतो. कडेला बाहेरून इन्सुलेशन गुंडाळतात. खालून प्लॅटफॉर्मच्या कडेपर्यंत एक बारीक बायपास काढतात, त्यातून तोच क्रिस्टल कडेला लवकर पोचतो, पण दोन वाटांनी आलेला क्रिस्टल परत जुळताना थोडा जरी तिरका झाला तर लो-अँगल बाउंड्री (किंचित वेगळ्या दिशेच्या दोन भागांमधला सांधा) सापडते, म्हणून माझी पहिली पसंती ग्रॅफाइटलाच. फक्त ओढायचा वेग कमी करणं हा मला आळशी उपाय वाटतो, त्याने फ्रेकल्सचा (छोट्या भलत्या ग्रेन्सच्या साखळ्यांचा) त्रास वाढतो.

मग सगळा शेलच पातळ का करत नाही? कारण तो तासन् तास त्या तापमानात मेटलचं वजन धरून उभा असतो. पातळ केला की फुगतो, तडकतो. २०२१ मध्ये हैदराबादच्या डीएमआरएलने (डीआरडीओची धातुसंशोधन प्रयोगशाळा) हेलिकॉप्टर इंजिनसाठी ६० सिंगल क्रिस्टल ब्लेड एचएएलला (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) दिले, तेव्हा डीआरडीओने आवर्जून सांगितलं होतं की १५०० डिग्रीला आणि त्याहून जास्त तापमानाला वितळलेल्या सीएमएसएक्स-४ चा दाब सहन करेल असं मोल्डचं सिरॅमिक त्यांनी स्वतः तयार केलं. बातम्यांमध्ये ब्लेडचंच कौतुक झालं, मला ते मोल्डचं वाक्य वाचून जास्त आनंद झाला.

सिम्युलेशन करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. कॅडमध्ये वॅक्सभोवती सगळीकडे सारखाच सहा-सात मिलिमीटरचा ऑफसेट देऊन शेल बनवू नका, कारण मग वर सांगितलेला सगळा प्रॉब्लेम मॉडेलमधून गायबच होतो आणि रिझल्ट सुंदर दिसतो. एक डमी शेल फायर करा, प्लॅटफॉर्ममधून आडवा कापा, बेचक्यात आणि कडेला व्हर्नियर लावून जाडी मोजा आणि तीच मॉडेलमध्ये घाला. झाडाच्या मधल्या, म्हणजे सेंट्रल रॉडकडची बाजू वेगळी मोजा, कारण हीटरची सावली तिथेच पडते आणि तिथले ब्लेड जास्त त्रास देतात.